मीर आणि मिर्झा मेले की जगले?

प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी' या कथेच्या शेवटी मीर आणि मिर्झा एकमेकांना तलवारीने मारून टाकतात. याच कथेवर सत्यजित राय यांनी काढलेल्या सिनेमाच्या शेवटी ते दोघे जिवंत असतात आणि नव्याने डाव मांडतात. कथा १९२४ची, सिनेमा १९७७चा, आणि दोन्ही ज्याबद्दल बोलतात ती घटना १८५६ची. लेखकाने मारलेली माणसं दिग्दर्शकाने का जगवली असतील, हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षं माझ्या डोक्यात आहे. व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाला. कोडच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या, हे पाहण्यात माझा अर्धा दिवस जातो. ती सवय कथा वाचताना आणि सिनेमा बघतानाही सुटत नाही. बदललेली ओळ दिसली की ती कोणी बदलली आणि कशासाठी, हे शोधावंसं वाटतं. इथे तो शोध मला साहित्यापेक्षा इतिहासाकडे जास्त घेऊन गेला.

कथा अर्ध्या तासात वाचून होते. वाजिद अली शाहच्या काळातलं लखनौ. सगळं शहर ऐषारामात बुडालेलं. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार. पोटापाण्याची चिंता नाही, त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत बुद्धिबळ. मिर्झाची बायको वैतागते आणि एक दिवस पट उधळून देते. मग बैठक मीरच्या घरी हलते. तिथे मीरच्या बायकोची वेगळीच अडचण होते, कारण तिला नवरा घराबाहेरच हवा असतो. शेवटी हे दोघे गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत जाऊन खेळू लागतात. कंपनीची फौज लखनौकडे जाते, त्यांचा डाव चालू. बादशाहला कैद करून नेतात, त्यांचा डाव चालूच. आणि संध्याकाळी एका चालीवरून भांडण लागतं, गोष्ट एकमेकांच्या बापजाद्यांवर जाते, तलवारी निघतात. आपल्या बादशाहासाठी ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, त्यांनी लाकडी वजिरासाठी जीव दिला, अशा अर्थाची टिप्पणी करून प्रेमचंद कथा संपवतात.

कथा म्हणून हे इतकं नेमकं आहे की शेवटाला दुसरा पर्याय असेल असं वाटतच नाही. ते भित्रे नव्हते, हे प्रेमचंद मुद्दाम सांगतात. हिंमत होती, तलवार चालवता येत होती, पण ती कशासाठी उपसायची याचं भान गेलं होतं. १९२४च्या वाचकाला हे कुठे लागलं असेल, याचा अंदाज करता येतो. गांधींचं गोरखपूरचं भाषण ऐकून प्रेमचंदांनी १९२१ मध्ये सरकारी नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी चौरीचौरानंतर असहकाराची चळवळ थांबली. १९२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गांधींनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी २१ दिवसांचा उपवास केला, कारण ठिकठिकाणी दंगे होत होते. 'माधुरी' मासिकात ही कथा आली ती त्याच ऑक्टोबरमध्ये. उपवास आणि कथा यांचा थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही. पण परकं सरकार डोक्यावर बसलेलं असताना दोन शेजारी एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार करत तलवारी काढतात, हे वाचताना त्या वर्षीच्या वाचकाला फक्त १८५६ आठवलं असेल, हे पटत नाही.

म्हणजे प्रेमचंदांचा प्रश्न होता: आपण का हरलो? आणि त्यांचं उत्तर होतं: आपल्या स्वभावामुळे.

हे उत्तर मराठी माणसाला अनोळखी नाही. शाळेच्या इतिहासातून आपल्या डोक्यात बसलेला दुसरा बाजीराव आठवून पाहा. पळपुटा, विलासी, नाकर्ता. पेशवाई का बुडाली, याचं उत्तर त्या एका माणसाच्या चारित्र्यात सापडतं आणि धडा संपतो. लखनौत वाजिद अली, पुण्यात बाजीराव. दोघांच्याही बदनामीत खोटं सगळंच आहे असं नाही. पण दोघांच्या गोष्टीत आणखी एक धागा समान आहे, आणि तो गोष्ट सांगताना बहुतेक वेळा गळतो. तो म्हणजे तैनाती फौजेचा तह.

लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर-जनरल असताना नोव्हेंबर १८०१ मध्ये अवधचा नवाब सादत अली खान याच्याशी तह झाला. कंपनी तुमचं रक्षण करेल, त्या फौजेच्या खर्चापोटी राज्याचा सुमारे अर्धा मुलूख कंपनीला द्यायचा, आणि स्वतःचं सैन्य कमी करायचं. रोहिलखंड, गोरखपूर, दुआबाचा खालचा भाग असे सुपीक प्रदेश गेले. तेरा महिन्यांनी, ३१ डिसेंबर १८०२ला, त्याच वेलस्लीच्या कारकिर्दीत बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. कलमं वेगळी, सांगाडा तोच. लढण्याचं काम बाहेरच्याकडे दिलं की लढणाऱ्यांचं काय होतं, हे कळायला इतिहासकार असण्याची गरज नाही. मीर आणि मिर्झा ज्या सरदारांच्या वंशातले, त्यांचं मूळ काम घोड्यावर बसून लढणं हे होतं. ते काम तहाने काढून घेतलं, जहागीर मात्र ठेवली. दिवस मोकळा, पैसा हातात, तलवार भिंतीवर. अशा माणसाने बुद्धिबळ खेळायचं नाही तर काय करायचं?

प्रेमचंदांच्या कथेत हा तह नाही. कथेत तो मावलाही नसता. पंधरा-वीस पानांच्या कथेला हिशेबाची वही उघडता येत नाही. तिला एक पट, दोन माणसं आणि एक संध्याकाळ पुरते. सिनेमाची गंमत इथे सुरू होते, कारण राय यांनी ती वही उघडायचं ठरवलं.

सिनेमाच्या सुरुवातीला अमिताभ बच्चनच्या आवाजात निवेदन आहे. आधी दोन हात पटावर मोहरे हलवताना दिसतात आणि या थोर सेनापतींची ओळख करून दिली जाते. मग थोड्या वेळाने चित्रपट चक्क कार्टून होतो. अवधचे नवाब आणि कंपनी यांच्यातला शंभर वर्षांचा व्यवहार त्यात हसत-खेळत येतो: बक्सरची हार, दंड, कर्ज, तह, पुन्हा कर्ज. गव्हर्नर-जनरल डलहौसीने एका पत्रात अवधला चेरीच्या फळाची उपमा दिली होती, कधीतरी आमच्या तोंडात पडेल असं. राय यांनी ती उपमा शब्दशः घेतली. कार्टूनमधला साहेब एकेक चेरी खात सुटतो, आणि त्यात पंजाब, ब्रह्मदेश, नागपूर, सातारा, झाशी अशी राज्यं आहेत. सातारा १८४८चं, नागपूर १८५४चं. मराठी प्रेक्षकाला इथे हसता हसता ठसका लागतो.

कथेत नसलेलं सगळ्यात मोठं पात्र म्हणजे जनरल जेम्स आउट्रम, लखनौचा रेसिडेंट. ही भूमिका रिचर्ड ॲटनबरो यांनी केली आहे. आउट्रम हा काही आपल्याला परका गडी नाही. तरुणपणी, १८२५ साली, खानदेशात भिल्ल पलटण उभी केली ती यानेच. पुढे तो काही काळ साताऱ्यालाही रेसिडेंट होता. सिंध खालसा करण्यावरून त्याचं नेपियरशी जाहीर भांडण झालं होतं, कारण सिंधच्या अमीरांवर अन्याय होतोय असं त्याचं मत होतं. म्हणजे दुसऱ्याचं राज्य गिळताना ज्याला थोडं तरी टोचतं, अशा माणसावर अवध गिळायची कामगिरी आली. राय यांनी हे टोचणं बरोबर पकडलं आहे. आउट्रम आपल्या मदतनिसाला, कॅप्टन वेस्टनला, राजाबद्दल प्रश्न विचारतो. टॉम ऑल्टरने केलेला हा वेस्टन उर्दू शिकलेला आहे आणि राजाच्या कवितांवर खूश आहे. राजा पाच वेळा नमाज पढतो, दारू पीत नाही, कविता करतो, गाणी रचतो, नाचतो. आउट्रमला यातून एक नालायक राज्यकर्ता सिद्ध करायचा आहे. पण माहिती मिळते ती एका कलावंताची, आणि ती कुठल्या रकान्यात भरायची हे त्याला कळत नाही.

अवध खालसा करताना डलहौसीला दत्तकाचं कारण वापरता येत नव्हतं, कारण राजा होता आणि त्याला मुलंही होती. म्हणून गैरकारभाराचं कारण पुढे आलं. आउट्रमच्या आधीचा रेसिडेंट स्लीमन याने १८४९-५० मध्ये अवधभर फिरून अनागोंदीची वर्णनं लिहून ठेवली होती. त्यांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. स्वतः स्लीमन मात्र राज्य खालसा करण्याच्या विरोधात होता. १८३७च्या तहाची गोष्ट तर याहून विचित्र. कारभार बिघडला तर कंपनीने तो तात्पुरता हातात घ्यावा, पण शिल्लक महसूल राजाचाच राहील, असं त्यात होतं. लंडनहून तो तह नामंजूर झाला, आणि हे अवधच्या राजाला नीट कळवलंच गेलं नाही. १८५६ मध्ये राजा त्या तहाकडे बोट दाखवणार, तर कंपनी म्हणणार तो अस्तित्वातच नाही. सिनेमातला आउट्रम या जागी अडखळतो, आणि ॲटनबरोंचा चेहरा तिथे पाहण्यासारखा आहे. १८५७ साली लंडनमध्ये या सगळ्या प्रकाराला सरळ दरोडा म्हणणारं एक पुस्तकच निघालं: 'डकॉयटी इन एक्सेल्सिस'.

आता वाजिद अली शाह. कथेत तो पकडून नेला जाणारा एक कैदी आहे, बाकी काही नाही. राय यांना पटकथा लिहिताना हा माणूस सुरुवातीला अजिबात आवडत नव्हता. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली ती त्याचं संगीत समजल्यावर, आणि हे राय यांच्यासारख्या संगीतवेड्या माणसाला शोभतं. अब्दुल हलीम शरर यांच्या जुन्या लखनौवरच्या लेखनाचा त्यांना मोठा आधार होता. शरर यांचं लहानपण वाजिद अलीच्या कलकत्त्यातल्या वस्तीत गेलेलं, त्यामुळे त्यांच्या लिहिण्यात ऐकीव गोष्टींनाही घरचा वास आहे. गादीवर आल्यावर राजाने सुरुवातीला फौजेच्या कवायतीत रस घेतला, पलटणींना बांका, तिरछा अशी नखरेल नावं दिली, आणि वर्षभरात तो त्यातून बाहेर पडला, असं ते सांगतात. फौजच दुसऱ्याची असेल तर कवायत कोणासाठी, हा प्रश्न सिनेमातल्या राजालाही पडतो. गब्बर सिंग करून दोनच वर्षं झालेला अमजद खान इथे राजा आहे. तो थकलेला आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि सही करायला मात्र तयार नाही.

४ फेब्रुवारी १८५६ला आउट्रमने राजाला तहाचा मसुदा दिला आणि तीन दिवसांची मुदत. राजाने आधीच आपल्या तोफा उतरवायला आणि शिपायांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं होतं. त्याने डोक्यावरची पगडी काढून आउट्रमच्या हातात दिली, पण सही दिली नाही. ७ फेब्रुवारीला अवध खालसा झालं. कथेतल्यासारखं त्याला कोणी पकडून नेलं नाही. मार्चमध्ये तो स्वतः फिर्याद मांडायला लखनौहून निघाला, कलकत्त्याला पोचला, मटियाबुर्जला राहिला आणि १८८७ मध्ये तिथेच वारला. प्रेमचंदांनी तारखा आणि तपशील गुंडाळून एका दुपारी आणले. कथाकाराला तेवढी मोकळीक असतेच.

सिनेमा आल्यावर वाद झाला. 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्ये राजबन्स खन्ना यांनी टीका केली, की राय यांनी इंग्रजांना सौम्यपणे दाखवलं आणि राजाचं इंग्रजांनीच रंगवलेलं विलासी चित्र पुन्हा पडद्यावर आणलं. राय यांनी सविस्तर उत्तर दिलं आणि आपण काय काय वाचलं, तेही मांडलं. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण खन्नांचा रोख खरं तर प्रेमचंदांपर्यंतही पोचतो. लखनौ विलासात बुडालं म्हणून बुडालं, ही मांडणी १८५६ मध्ये कोणाच्या सोयीची होती? कंपनीच्या. राज्य घेण्याआधी राजा नालायक ठरवणं गरजेचं होतं, आणि त्यासाठी कागदपत्रांचा जाडजूड गठ्ठा पार्लमेंटपुढे ठेवला गेला. सत्तर वर्षांनी एक देशभक्त लेखक आपल्या लोकांना जागं करायला निघाला, तेव्हा नकळत त्याच गठ्ठ्यातलं चित्र त्याच्या हाती आलं. आरोपपत्र परक्याचं, आत्मपरीक्षण आपलं.

पण म्हणून प्रेमचंद चुकले आणि राय बरोबर, असा निकाल मला देता येत नाही. दोष स्वभावाला दिला की तहाची कलमं वाचायची राहून जातात. आणि सगळा दोष कलमांना दिला की आपण त्या दिवशी काय करत होतो, हे कोणी विचारत नाही. राय यांचा शेवट मला मोठा वाटतो तो यामुळे, की त्यांनी वही उघडूनही मीर-मिर्झाला सोडलं नाही.

सिनेमात पडकी मशीद नाही. संजीव कुमारचा मिर्झा आणि सईद जाफरीचा मीर लखनौबाहेर एका खेड्यात, झाडाखाली खेळत बसलेत. गावातली माणसं फौजेच्या भीतीने निघून गेली आहेत, आणि कल्लू नावाचा एक मुलगा त्यांचं खाणं-पिणं बघतोय. भांडण होतं, मिर्झा मीरच्या बायकोचा विषय काढतो, मीरच्या हातात पिस्तूल असतं. गोळी सुटते आणि मिर्झाला चाटून जाते. तेवढ्यात कंपनीची फौज समोरून जाते, एकही गोळी न उडवता. मग दोघांची समजूत पटते. ज्यांना घरातल्या बायकोचा सामना करता येत नाही, ते कंपनीचा काय करणार, असं ते स्वतःच कबूल करतात. अंधार पडेपर्यंत घरी जायची सोय नाही. मग एक डाव होऊन जाऊ दे, पण या वेळी इंग्रजी नियमांनी. वजिराने बाजूला व्हायचं, कारण राणी व्हिक्टोरिया येतेय.

या इंग्रजी नियमांची पेरणी आधीच झालेली आहे. डेव्हिडने केलेले मुन्शी नंदलाल दोघांना सांगून गेलेले असतात, की इंग्रज वजिराच्या जागी राणी ठेवतात, प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, त्यामुळे खेळ झटपट संपतो. तेव्हा मीर-मिर्झा त्यावर हसतात. शेवटी तोच खेळ ते मुकाट्याने मांडतात.

कथेतलं मरण कितीही व्यर्थ असलं तरी ते मरण आहे. त्याने गोष्ट संपते, धडा मिळतो, वाचक हळहळतो. सिनेमात कोणी मरत नाही, आणि माझ्या मते ते जास्त जिव्हारी लागतं. राज्य गेलं त्या दिवशी बहुतेक लोक मेले नाहीत. त्यांनी नवे नियम शिकून घेतले. आमच्याकडे एकदा कंपनीच विकली गेली. दुपारी चारला मेल आला, ज्यांनी ती उभी केली ते दोघे साडेपाचला निरोप घेऊन गेले, आणि सोमवारी आम्ही सगळे नव्या मालकाच्या सिस्टिममध्ये लॉग-इन कसं करायचं, याचं प्रशिक्षण घेत होतो. कोणी वाईट वागलं असं नाही. घरभाडं, हप्ते, आईची औषधं सगळ्यांनाच होती. पण त्या आठवड्यात हा सिनेमा पुन्हा पाहताना शेवटच्या डावाला मला पहिल्यासारखं हसू आलं नाही. मीर-मिर्झाकडे बघून "काय हे नवाबी लोक" असं म्हणण्याची जागाच राय यांनी काढून घेतली आहे.

त्या शेवटावर माझी एकच पुरवणी आहे. वजीर पूर्ण हटला नाही. आज मराठीत बुद्धिबळ खेळताना आपण इंग्रजी नियम पाळतो, प्यादं पहिल्या चालीत दोन घरं टाकतो, मोबाईलवर मुकुटवाल्या राणीचं चित्र असतं, पण तोंडातून निघतं ते "वजीर गेला". नियम बदलले तरी भाषा सहजासहजी बदलत नाही. आणि लखनौच्या बाबतीत तर डावही तिथे संपला नव्हता.

कथा आणि सिनेमा दोन्ही फेब्रुवारी १८५६ मध्ये थांबतात. त्यानंतरचं दोघांतही नाही. राजाची आई मलिका किश्वर त्याच वर्षी पडद्यातून बाहेर पडून समुद्रापार लंडनला गेली, मुलाचं राज्य परत मागायला. रिकाम्या हाताने परतताना १८५८ मध्ये पॅरिसमध्ये वारली, आणि तिथल्याच एका दफनभूमीत आहे. राजा कलकत्त्याला गेला तेव्हा मागे राहिलेली त्याची बेगम हजरत महल हिने जुलै १८५७ मध्ये आपल्या लहान मुलाला, बिरजीस कद्रला, गादीवर बसवलं आणि लखनौ लढवलं. पुढे नेपाळात गेली, इंग्रजांचं निवृत्तिवेतन घेतलं नाही, १८७९ मध्ये काठमांडूत वारली. ज्या शहरातून कंपनीची फौज एकही गोळी न उडवता गेली होती, त्याच शहरात दीड वर्षाच्या आत इंग्रज रेसिडेन्सीच्या भिंतीआड कोंडले गेले. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांना सोडवायला जे आत घुसले आणि मग स्वतःच दोन महिने आत अडकून पडले, त्यांत एक होता जेम्स आउट्रम.

कथेत आणि सिनेमात बायका पट उधळतात, मोहरे लपवतात, नवऱ्याला बाहेर घालवतात. सिनेमातली राजमाता आउट्रमला चार शब्द सुनावते तेवढाच अपवाद. राज्य गेल्यावर खऱ्या लखनौत उठून उभ्या राहिल्या त्या बायकाच. आणि तालुकदार, आणि कंपनीच्याच पलटणींत नोकरी करणारे अवधच्या खेड्यांतले शिपाई. कल्लूसारखी ती माणसं. फौज आली तेव्हा दोन्ही शेवटांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ज्यांनी दोन्ही वाचलं-पाहिलं नसेल त्यांनी आधी कथा वाचावी, मग सिनेमा पाहावा. मध्ये एखादा दिवस जाऊ द्यावा. आणि सिनेमा संपल्यावर जमलं तर १८५७च्या लखनौवरचं काहीतरी हाती घ्यावं. त्या दीड वर्षाची गोष्ट सांगणारा कथाकार अजून कोणाला तरी व्हायचंय.